सोने-चांदीतील घरगुती गुंतवणूक (कोल्हापूर)

कुटुंबाने बचतीचा काही भाग सोन्या-चांदीच्या रूपात राखून ठेवण्याचा व्यवहार. कोल्हापुरात सोन्यासाठी अंबाबाईच्या देवळालगतची गुजरी (सराफ बाजार) आणि चांदीसाठी हातकणंगले तालुक्यातील हुपरी ही त्याची ठरलेली ठिकाणे. दसऱ्याला दसरा चौकात आपट्याचे सोने लुटून झाले की पाय गुजरीकडे वळतात. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि गुरुपुष्यालाही गुंजभर का होईना सोने घ्यायचे, ही रीत अजून टिकून आहे. मात्र दागिना घेणे आणि धातूत पैसा ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की तोटा होतो, आणि तो कळतो थेट मोडीच्या, म्हणजे दागिना परत विकण्याच्या दिवशी.

वजनापासून सुरुवात करावी. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा : १२ मासे, दर माशाच्या ८ गुंजा. आजचा बाजारातला तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. आजीच्या वहीतले ‘५ तोळे’ म्हणजे ५८ ग्रॅमच्या वर, हे वाटणीच्या वेळी हमखास विसरले जाते. शुद्धतेचे आकडे असे : २४ कॅरेट ९९५ किंवा ९९९, २२ कॅरेट ९१६, १८ कॅरेट ७५०. फळ्यावरचा २४ चा भाव ०.९१६ ने गुणला की २२ चा यायला हवा. त्याहून बराच जास्त असेल, तर का ते विचारावे.

बिलाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. दागिन्यातल्या सोन्याची किंमत १०० रुपये धरू. घडणावळ (दागिना घडवण्याची मजुरी) १२ टक्के म्हणजे ११२, त्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे ११५ रुपये ३६ पैसे. भाव जागचा हलला नाही आणि पेढीने मोडीत २ टक्के घट धरली, तर हाती ९८ येतात. घातलेली रक्कम नुसती परत मिळायला भाव जवळजवळ १८ टक्क्यांनी चढावा लागतो. तेच २ टक्के घडणावळीचे नाणे घेतले, तर साधारण ७ टक्क्यांची चढ पुरते. नक्षी जितकी बारीक, तितकी ही दरी रुंद.

कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना याचे सर्वांत जवळचे उदाहरण. साजाची २१ पाने आणि मधले जाव मणी पातळ पत्र्याचे असून आत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेली असते. कमी सोन्यात भरदार दागिना व्हावा, ही त्यामागची कारागिरी, आणि ती अस्सल आहे. पण तराजूवर लाखही तोलली जाते. म्हणून साज घेताना एकूण वजन, लाखेचे वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन बिलावर वेगवेगळे लिहून घ्यावे. ठुशी, म्हणजे गळ्यालगतचा मण्यांचा दागिना, दोऱ्यात गाठवलेली असते. तिचा गोंडा आणि दोरा वजनातून वजा व्हायला हवा. मोडताना मुशीत (सोने वितळवण्याच्या भांड्यात) लाख जळून जाते, उरते त्याचेच पैसे मिळतात. साज हौसेने घ्यावा, लेकीसुनेसाठी जपावा. गुंतवणुकीच्या रकान्यात मांडू नये.

हॉलमार्क (शुद्धतेचा अधिकृत शिक्का) जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक नगाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा पाहाव्यात : बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी. हा क्रमांक पेढीतच ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकावा. पडद्यावरचा दागिन्याचा प्रकार आणि हातातला नग जुळला पाहिजे. अंगठीचा क्रमांक गंठणावर निघाला तर व्यवहार तिथेच थांबवावा. २ ग्रॅमच्या आतल्या नगांना ही सक्ती नाही, त्यामुळे फुली, चमकी अशा किरकोळ वस्तू विश्वासाच्याच पेढीतून घ्याव्यात. हॉलमार्कपेक्षा सोने कमी कसाचे निघाले, तर तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. बिल मात्र हवे.

निव्वळ साठवणीसाठी मराठी घरांत पूर्वापार वेढणे घेतात : चोख सोन्याच्या तारेचे साधे वळे, ना नक्षी, ना डाख (सांधे जोडणारा हलका धातू). सीलबंद नाणे किंवा चीपही (सोन्याचा चपटा तुकडा) चालते. वेष्टन फोडू नये, फोडले की पुन्हा टंच (शुद्धतेची तपासणी) आला. कर्जाची गरज पडू शकत असेल, तर आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चीप, बिस्कीट किंवा लगडीवर तारण कर्ज मिळत नाही. दागिने चालतात, आणि नाणी ५० ग्रॅमपर्यंत. हंगामात पैशाची ओढ लागणाऱ्या शेतकरी घराला म्हणून साध्या पाटल्या चिपेपेक्षा उपयोगी पडतात.

चांदीचे गणित वेगळे. निम्म्याहून अधिक मागणी उद्योगांची, त्यामुळे भाव सोन्यापेक्षा जोरात हेलकावतो : एप्रिल २०११ मध्ये औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेलेली चांदी २०१५ अखेर १४ च्या खाली होती. हुपरीच्या पैंजणात डाख, घुंगरू आणि मीना असतो, शिवाय चांदीची शुद्धता नगानगाला बदलते. पैंजण मोडायला नेले की ही सगळी घट एकदम समोर येते. चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे. गुंतवणुकीला ९९९ चा शिक्का असलेली वीट किंवा नाणेच घ्यावे. काळी पडली म्हणून चांदीची किंमत घटत नाही, तो फक्त गंधकाचा थर असतो. घासून चकचकीत करण्याच्या नादात उलट वजन झिजते.

डिमॅट खाते असेल, तर गोल्ड आणि सिल्व्हर ईटीएफ (शेअरसारखे घेता-विकता येणारे सोन्या-चांदीच्या फंडाचे युनिट) हा स्वस्त मार्ग. घडणावळ नाही, तिजोरी नाही, टंच नाही. सार्वभौम सुवर्णरोख्यांची (सोन्याच्या भावाशी जोडलेल्या सरकारी रोख्यांची) नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. मोबाइलवरचे ‘डिजिटल गोल्ड’ सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) देखरेखीखाली येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. पेढ्यांची ११ महिन्यांची भिशी (दरमहा हप्ता भरण्याची योजना) ही बँकेतली ठेव नव्हे. पेढी बुडाली तर ठेव विम्याचे संरक्षण मिळत नाही, आणि जमलेल्या रकमेतून बहुधा दागिनाच घ्यावा लागतो.

मोड देताना समोर उभे राहावे. आधी वजन, मग खडे काढून पुन्हा वजन, मग यंत्रावर टंच. यंत्र फक्त वरचा थर वाचते. जाड मुलामा किंवा आतला डाख त्याला दिसत नाही, म्हणून जुन्या बिनखुणेच्या दागिन्यात आटवल्यावरचाच कस खरा. आटणीपूर्वीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. दोन-तीन पेढ्यांत विचारल्याशिवाय आटवायला देऊ नये, कारण मुशीतून निघालेली लगड घेऊन दुसरीकडे गेले की घासाघीस करायला काही उरत नाही. मोड देऊन नवा दागिना घेतला, तरी जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो.

सोने २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर. त्याआधी विकल्यास उत्पन्नाच्या टप्प्यानुसार. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या सोन्याला त्या दिवसाची बाजारकिंमत मूळ किंमत धरता येते. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख पेढीला घेता येत नाही.

साठवणीत कोल्हापूरची खास जोखीम म्हणजे पंचगंगेचा पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये शहराच्या सखल भागात पाणी शिरले. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत जबाबदारी बँकेवर असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत नसते. तेव्हा लॉकर वरच्या मजल्यावरचा मागावा. सोन्याला पाण्याने काही होत नाही, पण ठुशीचा दोरा, मोती आणि बिले भिजतात. बिलांच्या प्रती दुसरीकडे ठेवाव्यात.