‘क्लासिक रॉक’ आलं कुठून?

आजची चार्टवरची गाणी बाजूला सारून पुन्हा पुन्हा लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल या सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश रॉक बँडांकडे वळणारे श्रोते जगभर आहेत, आणि त्यांत विशीतली मुलंमुलीही भरपूर आहेत. ही आवड म्हणजे जुन्याचा सोस, असं म्हणून तिला मोडीत काढणं मला मान्य नाही. तिला ठोस कारणं आहेत. पण ज्याला आपण ‘क्लासिक रॉक’ म्हणतो, ते हे नाव घेऊन जन्माला आलं नव्हतं. १९७१ साली कुठलाही बँड ‘क्लासिक रॉक’ वाजवत नव्हता. तो कप्पा पुढे रेडिओने तयार केला.

साठच्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय संगीताचा कारभार एएम (मीडियम वेव्ह) रेडिओवर चाले. ‘टॉप ४०’ची यादी, ४५ आरपीएमची छोटी तबकडी आणि तीनेक मिनिटांचं गाणं. एफएमचा आवाज कितीतरी स्वच्छ, पण मालक मंडळी त्यावर बहुतेक एएमचेच कार्यक्रम पुन्हा सोडत. १९६४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने फर्मान काढलं की, एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत एफएमच्या निम्म्याहून अधिक वेळात एएमचा कार्यक्रम जसाच्या तसा लावायचा नाही. हा नियम प्रत्यक्षात लागू व्हायला १९६७ उजाडलं आणि एकाएकी कितीतरी तास रिकामे पडले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स केंद्रावर निवेदक टॉम डोनाह्यू यांनी एलपी या मोठ्या तबकडीवरची लांबलचक गाणी वाजवायला सुरुवात केली. एलपी तशी १९४८ पासूनची, एका बाजूला वीसेक मिनिटं मावणारी. आता त्या वीस मिनिटांना रेडिओवर जागा मिळाली. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचं आहे. त्या काळात अमेरिकेत ते सिंगल म्हणून, म्हणजे वेगळ्या छोट्या तबकडीवर, विक्रीला आलंच नाही, तरी एफएमवर ते सतत वाजत राहिलं. तीन मिनिटांच्या जमान्यात असं गाणं कुठल्याच यादीत बसलं नसतं.

वेळेसोबत रेकॉर्डिंगच्या पद्धतीचाही हात होता. लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बममधलं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ घ्या. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत बँडचे ड्रमवादक जॉन बॉनम यांचे ड्रम्स खाली जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते. ड्रमला चिकटवून ठेवलेले माइक नाहीतच. काठीचा ठोका पडतो, आवाज जिन्यातून वर चढतो, भिंतींवर आदळतो, आणि तो सगळा प्रवास टेपवर उतरतो. चांगले हेडफोन लावून पहिले आठ-दहा ठोके ऐका. ड्रमसोबत ती अख्खी इमारत वाजते आहे, हे कळायला संगीताचं शिक्षण लागत नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी हा मोकळेपणा आटला. सल्लागार आले, निवेदकाच्या हातून तबकड्या निवडायचा अधिकार गेला, याद्या आखडल्या. रॉक आणि डिस्कोवाल्यांची भांडणंही तेव्हाचीच. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात एका रॉक रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द झाला. डिस्को हे मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी श्रोत्यांमधून वर आलेलं संगीत. ‘आमचं खरं, तुमचं बनावट’ या आरोळीत त्यांच्याबद्दलचा राग मिसळलेला होता, हे रॉकवर जीव असलेल्यांनी नाकारू नये. १९८१ मध्ये गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही सुरू झालं आणि गाण्याइतकाच चेहराही महत्त्वाचा ठरला.

यानंतर १९८५ मध्ये मिशिगन राज्यातल्या लान्सिंगच्या एका केंद्रासाठी रेडिओ सल्लागार फ्रेड जेकब्स यांनी केवळ जुनं रॉक वाजवणारा साचा बसवला. असे प्रयोग आधीही झाले होते, पण देशभर पसरला तो हा. हिशोब सरळ होता. साठ-सत्तरच्या दशकातली पोरं आता कमावती झाली होती आणि जाहिरातदारांना तीच हवी होती. श्रोत्यांना गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवायचे, ओळखीची ठेवायची, बाकीची गाळायची. अशा चाळणीतून काही शेकडा गाणी उरली. जिमी हेंड्रिक्स सोडले तर कृष्णवर्णीय कलाकार त्यात जवळजवळ दिसत नाहीत. रॉक अँड रोलच्या जनकांपैकी एक असलेले कृष्णवर्णीय चक बेरी ‘ओल्डीज’च्या, म्हणजे निव्वळ जुन्या गाण्यांच्या, खात्यात गेले. वर सांगितलेलं ‘लेव्ही’ मुळात मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये मुद्रित केलेलं, मिसिसिपीच्या १९२७च्या महापुरावरचं ब्लूज. क्लासिक रॉक केंद्रावर मेम्फिस मिनी ऐकू येत नाही, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी वाटते.

मुंबईला हे रेडिओप्रकरण लागू नव्हतं. इथे रॉक आलं ते कॅसेटींवरून आणि हातोहात फिरणाऱ्या तबकड्यांवरून. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा संगीत महोत्सव आणि धोबी तलावच्या रंगभवनातली गर्दी हे त्याचंच फळ. त्याआधी, १९७२ मध्ये लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईच्या स्टुडिओत इथल्या वादकांसोबत आपली दोन गाणी मुद्रित केली होती. ‘क्वीन’ बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी तर पाचगणीच्या शाळेतच पहिल्या बँडमध्ये पियानो वाजवत होते.

आजच्या पॉपबद्दलच्या तक्रारीत तथ्य किती? गायकाचा सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं, आवाजाची पातळी वर्षागणिक चढवली गेली, आणि स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की गाण्याची नोंद होते, म्हणून सुरुवात लांबवणं परवडत नाही. १९५५ ते २०१० या काळातल्या लाखो गाण्यांचं विश्लेषण २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. नादांची विविधता कमी झाली आणि ध्वनी चढा झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे कान खोटं बोलत नाहीत. मात्र एक गोष्ट विसरायची नाही. १९७१ ची टाकाऊ गाणी आज आपल्यापर्यंत पोचतच नाहीत आणि आजची सगळी पोचतात. शिवाय नव्या संगीतानेही त्या जुन्या आवाजाची किंमत वेळीच ओळखली होती. १९८६ मध्ये बीस्टी बॉइज या रॅप त्रयीने आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात केली, ती हेडली ग्रेंजच्या जिन्यातून उचललेल्या बॉनमच्या त्याच ठोक्यांवर.