कंप हाताला, सुरुवात पोटात?

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, झालेल्यांना पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात 'शुभार्थी' म्हणतात. त्यांच्याशी बोलून पाहा. हात थरथरायला लागण्याआधी कित्येक वर्षं पोट साफ होत नव्हतं, असं अनेकजण सांगतील. माझ्या वडिलांच्या उशाशी इसबगोलाचा डबा आणि तांब्याभर कोमट पाणी कायम असायचं. त्याचा मेंदूशी काही संबंध असेल, हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

शंका मात्र जुनीच. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते अवघ्या सहा जणांवरून, आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यातच दिसलेले. त्या छोट्या पुस्तकात बद्धकोष्ठतेची नोंद आहे. पोट-आतड्यांच्या बिघाडाचा परिणाम मज्जारज्जूपर्यंत पोचत असावा, हा अंदाजही आहे.

पुढे सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे गेलं. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या तिथल्या पेशी मरतात, आणि डोपामिनचं ऑक्सिडीकरण होताना पेशींना घातक रेणू तयार होतात, हे कळल्यावर अशा रेणूंना आवर घालणाऱ्या अँटिऑक्सिडंटची आशा वाटू लागली. अमेरिका-कॅनडात 800 रुग्णांवर 'डाटाटॉप' चाचणी झाली. त्यात ई जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट रोज 2000 युनिट एवढ्या मोठ्या मात्रेत दिलं. 1993 मध्ये निकाल आला: आजाराच्या वाटचालीवर काही फरक नाही. को-एन्झाइम क्यू-10 या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटच्या 600 रुग्णांच्या चाचणीतूनही 2014 मध्ये तेच निघालं.

आतड्यांकडे नजर वळली ती 2003 मध्ये. जर्मनीचे हाइको ब्राक यांनी मांडलं की अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी आधी आतड्यांच्या नसांत धरत असाव्यात आणि पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नसेच्या वाटेने वर मेंदूत चढत असाव्यात. सर्वच रुग्णांत हा क्रम जुळत नाही. तरी 2016 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या संशोधकांना उंदरांत जे दिसलं ते विसरता येत नाही. हे प्रथिन जास्त बनवणारे उंदीर जंतूविरहित वाढवले तर लक्षणं सौम्य राहिली. कंपवाताच्या रुग्णांच्या आतड्यांतले जिवाणू त्यांच्यात सोडले तर निरोगी माणसांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा हालचाली जास्त बिघडल्या.

अँटिऑक्सिडंट आणि आतडं या दोन वाटा डाळिंबासारख्या फळात एकत्र येतात. डाळिंबातली एलॅजिटॅनिन्स ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं रक्तात फारशी जातच नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून युरोलिथिन हे रक्तात जाऊ शकणारं द्रव्य बनवतात, आणि तसे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. त्यामुळे फळातल्या अँटिऑक्सिडंटचा हिशेब गोळीसारखा मांडता येत नाही, असं मला वाटतं. अर्थात, आहाराने कंपवात थांबतो हे अजून सिद्ध झालेलं नाही.

2019 मध्ये आणखी एक दुवा सापडला. एन्टेरोकोकस फिकॅलिस हा आतड्यातला जिवाणू लेव्होडोपा हे कंपवाताचं, मेंदूत डोपामिन बनणारं औषध मेंदूत पोचण्याआधीच मोडून टाकू शकतो. वडिलांची गोळी एखाद्या दिवशी लगेच लागू पडायची, एखाद्या दिवशी तासभर वाट पाहूनही नाही. आणि आम्ही वेळ चुकली असेल म्हणून घड्याळाकडे बघत बसायचो.