न्यू मेक्सिको: दोरीच्या गाठींनी राखलेली गावे

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचे नाव शेजारच्या देशावरून पडले असावे, असे सहज वाटते. पण हे नाव त्या देशाहून जुने आहे. मेक्सिको स्वतंत्र झाला १८२१ मध्ये. स्पॅनिश लोक या मुलुखाला सोळाव्या शतकापासूनच 'नुएवो मेहिको' म्हणत होते. त्यांच्याही कितीतरी आधीपासून रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यात पुएब्लो या मूळनिवासी लोकांची गावे नांदत होती. मातीत गवताच्या काड्या कालवून उन्हात वाळवलेल्या विटांची, मजल्यावर मजला चढवलेली घरे. टाऊसमध्ये ती आजही उभी आहेत आणि त्यांत माणसे राहतात.

ही गावे टिकली कशी, हे समजायला १६८० सालाशी थांबावे लागते.

१५९८ मध्ये स्पेनच्या वतीने हुआन दे ओन्याते वसाहत करायला आला. पुढच्याच वर्षी त्याने ॲकोमा हे डोंगरमाथ्यावरचे गाव उद्ध्वस्त केले आणि पंचविशीपुढच्या पुरुषांचा एकेक पाय तोडण्याची शिक्षा फर्मावली. मग धान्याची वसुली, वेठबिगार, पारंपरिक नाच आणि पूजांवर बंदी. १६७५ मध्ये ४७ धार्मिक पुढाऱ्यांना पकडण्यात आले आणि त्यांतल्या बहुतेकांना चाबकाने फोडण्यात आले. त्यांतला एक होता पोपे.

पोपेने टाऊसमध्ये बसून उठावाची आखणी केली. गावे दूरदूर पांगलेली, भाषा वेगवेगळ्या. त्याने धावपटूंबरोबर गाठी मारलेल्या दोऱ्या धाडल्या: रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की उठायचे. दोन धावपटू पकडले गेले, तेव्हा ठरल्या दिवसाची वाट न पाहता १० ऑगस्टलाच गावे उठली. सुमारे ४०० वसाहतवाले मारले गेले, उरलेल्यांनी राजधानी सांता फे सोडून दक्षिणेला एल पासो गाठले. पुढची १२ वर्षे इथे स्पॅनिश सत्ता नव्हती. १६९२ मध्ये ती परतली, पण पूर्वीची जुलमी वसुली पुन्हा बसवणे तिला जमले नाही. अमेरिकेच्या इतिहासात या उठावाचे स्थान १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशेजारी असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मेक्सिकोबरोबरच्या १८४८ च्या तहाने हा प्रदेश अमेरिकेकडे गेला. राज्याचा दर्जा मात्र १९१२ मध्ये मिळाला. इथली बहुसंख्य वस्ती स्पॅनिशभाषक आणि कॅथलिक होती, आणि वॉशिंग्टनमध्ये अनेकांना ते खुपत होते. १६ जुलै १९४५ रोजी जगातला पहिला अणुस्फोट याच राज्याच्या वाळवंटात झाला. राज्याच्या दक्षिण भागात व्हाइट सँड्सचे पांढरेशुभ्र जिप्समच्या वाळूचे ढिगारेही आहेत.

प्रवाशांनी सुरुवात सांता फेपासून करावी. सुमारे ७,००० फूट उंचीवरच्या या राजधानीतल्या स्पॅनिश गव्हर्नरांच्या जुन्या वाड्याच्या पडवीत पुएब्लो कारागीर आपली मातीची भांडी आणि चांदीचे दागिने मांडून बसतात. पोपेच्या उठावानंतर पुएब्लो लोक याच वाड्यात राहायला आले होते. तिथून टाऊस दोनेक तासांवर. जाण्याआधी गाव पाहुण्यांसाठी खुले आहे ना, याची चौकशी करावी. धार्मिक विधींच्या काळात ते बंद असते. सणाचा नाच पाहायला मिळाला, तर कॅमेरा गाडीतच ठेवावा.