चिटाचं पोलकं आणि पाच पौंडांचा दंड

चीट म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतं ते घरात घालायचं पोलकं, लहान मुलीचा परकर, नाहीतर गोधडीतली ठिगळं. बारीक फुलांचं, सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड. सणावाराला कुणी चिटाचं काही घालत नाही.

1719 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये मात्र हेच कापड अंगावर घालून बाहेर पडणं धोक्याचं झालं होतं. चिटापायी आपला माल खपेना म्हणून स्पिटलफील्ड्स भागातले रेशमाचे नि लोकरीचे विणकर हजारोंनी रस्त्यावर उतरले होते. चिटाचा झगा दिसला की त्या बाईला गाठायचं आणि तो टराटरा फाडायचा, नाहीतर त्यावर शाई फेकायची. काहींनी तर तेजाब फेकलं. कापड कुठलं? बहुतेक हिंदुस्थानातलं; काही मच्छलीपट्टणपासून खाली पूर्वेच्या कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलेलं, तर पुष्कळसं कोरं आणून लंडनमध्येच छापलेलं. शब्दही इथलाच. इंग्रजांनी ‘चिंट’ उचलला, त्याचं अनेकवचन ‘चिंट्स’ केलं आणि पुढे ते अनेकवचन आहे हेच विसरून गेले.

दोन वर्षांनी दंगलखोरांच्या मनासारखं झालं. 1721 च्या कायद्यानं छापलेलं, रंगवलेलं सुती कापड वापरायलाच बंदी केली. नुसतं विकायला नव्हे, अंगावर घालायला. 25 डिसेंबर 1722 पासून अंमल. घालणाऱ्याला 5 पौंड दंड, म्हणजे साध्या कामगाराची कित्येक आठवड्यांची कमाई. आणि तो दंड मिळणार चुगली करणाऱ्याला. विकणाऱ्याला 20 पौंड. पलंगाचे पडदे, खुर्च्यांच्या गाद्या, सगळं बंदीत. सूट होती ती मलमलीला आणि नुसत्या निळ्या रंगात बुडवलेल्या सुती कापडाला. निळं चालेल, लाल फुलं चालणार नाहीत, असं संसदेनं लिहून दिलेलं!

याआधी 1700 चा एक कायदा होऊन गेलाच होता. त्यानं बाहेरून रंगवून आलेल्या कापडाला मज्जाव केला, पण पांढरं कोरं कापड येऊ दिलं. मग लंडनच्या छापखान्यांनी तेच कोरं कापड आणून त्यावर छापायला सुरुवात केली आणि विणकर होते तिथेच राहिले. फ्रान्स तर याहून पुढे. तिथे 1686 मध्ये बंदी आली ती 1759 पर्यंत, 73 वर्षं टिकली. आयात बंद, देशात नक्कल करणंही बंद, लाकडी ठसे फोडून टाकायचे. रस्त्यात बायकांच्या अंगावरचे कपडे हिसकावले जात, आणि त्याच वेळी राजाच्या मर्जीतल्या मादाम द पोंपादूरच्या घरात बंदी असलेलं कापड बिनदिक्कत सजावटीला वापरलं जाई. कोण पकडणार?

या बंद्यांचं कारण पोटापाण्याचं होतं, असं इतिहासात सांगतात, आणि ते खरंच आहे. पण मला ते अर्धंच वाटतं. परदेशी वस्तू खपते म्हटल्यावर कुठलाही हुशार कारागीर आधी तिची नक्कल करतो. युरोपातल्या छापणाऱ्यांनी ती करून पाहिली आणि सुरुवातीला ते तोंडावर आपटले. त्यांची फुलं पहिल्या धुण्यात पळत. हिंदुस्थानी चीट धुतलं की आणखी खुलतं, हीच तर त्याची ख्याती होती. गोम रसायनशास्त्रात होती.

लोकर आणि रेशीम ही प्राण्यांपासून आलेली प्रथिनं. त्यांच्या रेणूंवर रंगाला धरायला भरपूर जागा असतात, म्हणून युरोपातले रंगारी लोकर झकास रंगवत. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. बहुतेक वनस्पतिज रंग त्याच्यावर नुसते बसतात आणि पाणी लागलं की उठून जातात. त्यांना धरून ठेवायला मध्ये कुणीतरी लागतं. हे काम धातू करतात: तुरटीतलं अॅल्युमिनियम किंवा लोखंड. धातूचा आयन एका बाजूनं धाग्याला चिकटतो आणि दुसऱ्या बाजूनं रंगाचा रेणू त्याला खेकड्याच्या नांगीसारखा पकडीत घेतो. या रंगबंधकाला फ्रेंचांनी दिलेलं नाव ‘चावणारा’ या अर्थाचं आहे. तुरटी धाग्याला चावते, अशी त्यांची समजूत होती.

हे घरी बघता येतं. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची पूड आणि मंजिष्ठा आणा. स्वच्छ धुतलेला जुन्या धोतराचा तुकडा हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवा. तो फिकट पिवळा होईल. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात काही दिवस मुरत ठेवलेले असले, तर ते पाणी काडीनं त्या कापडावर टेकवा. काडी टेकते तिथे क्षणात काळं होतं. आधी करडं, मग बघता बघता गडद. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आल्याचा हा रंग. आता दुसऱ्या काडीनं तुरटीच्या पाण्याचं फूल काढा. काहीच दिसणार नाही. वाळवून, हलकं खळबळून, मंजिष्ठेच्या गरम पाण्यात तुकडा बुडवला की न दिसणारं फूल विटकरी लाल होऊन वर येतं. बाकीच्या कापडावरही थोडा रंग चढतो, पण तो धुऊन बराच निघतो. फुलाचा निघत नाही.

जुन्या रंगाऱ्यांचं सगळं कसब या न दिसणाऱ्या चित्रात होतं. तुरटीचं पाणी दिसत नाही म्हणून ते त्यात पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा थोडा रंग घालत, एवढ्यापुरताच. तुरटी कमी असली तर गुलाबी, जास्त असली तर गर्द लाल, तुरटीत लोखंड मिसळलं तर जांभळा. आणि हे सगळे रंग एकाच भांड्यातून निघत. किनाऱ्यावर मंजिष्ठेऐवजी वापरत ते एका रानटी झुडपाचं मूळ, तमिळमध्ये सायवेर. त्यातला मुख्य रंग अॅलिझरिन. हिरड्याच्या पाण्यात ते म्हशीचं दूध घालत, त्यातल्या स्निग्धांशामुळे रेघ फुटत नसे. मग शेणाच्या पाण्यात भिजवून उन्हात पसरायचं, पाणी शिंपडायचं, म्हणजे मोकळी जागा पुन्हा पांढरी होते. निळा रंग हवा असेल तिथली जागा सोडून बाकी सगळ्यावर मेण, आणि कापड निळीच्या हौदात. निळीला तुरटी लागत नाही. ती हौदात विरघळलेल्या रूपात धाग्यात शिरते आणि हवा लागली की आतच न विरघळणारी होऊन बसते. पिवळा तेवढा कच्चा. निळ्यावर पिवळा फिरवून हिरवं पान करत. म्हणून आज संग्रहालयांतल्या जुन्या चिटांवर लाल फुलांना निळी पानं दिसतात. पिवळा उडून गेला, नीळ राहिली.

ही विद्या केवढी जुनी? मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला होता. तो मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत तपासला गेला, आणि त्याचा लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळाचा निघाला.

युरोपला ती मिळाली ती थोडी चौकशीतून, थोडी हेरगिरीतून. 1730 च्या दशकात बोल्यू नावाचा एक फ्रेंच नौदल अधिकारी पाँडिचेरीत एका रंगाऱ्याचं काम बघत बसला आणि प्रत्येक टप्प्याला कापडाचा एक तुकडा कापून वहीत लावत गेला. ती वही त्यानं नेली द्यु फे या शास्त्रज्ञासाठी. हा तोच, ज्यानं विद्युतभार दोन प्रकारचे असतात हे दाखवलं. तो सरकारचा रंगकामाचा तपासनीसही होता. मागोमाग 1742 मध्ये पाँडिचेरीचे जेझुइट पाद्री केर्दू यांनी सगळी कृती पत्रातून कळवली. ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून त्यांनी ती विचारून घेतली होती. धर्मगुरूला विचारलेलं कोण नाकारणार! गंमत अशी, की फ्रान्समध्ये तेव्हा असं कापड घालणंही गुन्हा होता. 1759 मध्ये बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी ओबेरकाम्फ यांचा छपाईचा कारखाना वेर्सायजवळच्या झुई गावात उभा राहिला.

आणि लंडनच्या दंगलीतली ती शाई? त्या काळची शाई मायफळ आणि हिराकस यांची, म्हणजे टॅनिन आणि लोखंड. चिटावरच्या काळ्या रेघेतही तेच दोन घटक. विणकर ज्या कापडाचा नाश करायला निघाले होते, त्याच्यावर त्याच्याच काळ्या रंगाचे डाग पाडत होते.

इंग्लंडची बंदी आधी भोकं पडून ढिली झाली. इंग्रजांचं सूत ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, टिकेना, म्हणून ते तागाचा ताणा आणि कापसाचा बाणा घालून कापड विणत. 1736 मध्ये अशा मिश्र कापडाच्या छपाईला मोकळीक मिळाली. 1769 मध्ये आर्कराइटनं पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं सूत ताण्याला पुरेसं बळकट होतं. आता शुद्ध सुती कापड इंग्लंडातच निघू लागलं आणि नेमकं तेच बेकायदा! आर्कराइट आणि त्याचे भागीदार संसदेत गेले, 1774 मध्ये कायदा बदलून घेतला. इंग्लंडात विणलेलं सुती कापड छापा, रंगवा, खुशाल घाला. हिंदुस्थानी मात्र अजून नाही.

पण घातलेलं कापड कुठलं, हे ओळखायचं कसं? रंग तितकाच पक्का, फुलं तशीच, पोतही जवळपास तोच. शेवटी कायद्यातच लिहावं लागलं, की इंग्लंडात विणलेल्या कापडाच्या काठात तीन निळे धागे घालावेत. हा नियम 1811 पर्यंत होता. तपासनीस फुलांकडे बघतच नसे, तो कापडाचा काठ उलगडून धागे मोजत असे.