आधी ऊब, मग घास

एप्रिलमधल्या वळवाच्या पावसाने आमच्या कोथरूडच्या गल्लीतल्या रेन ट्रीची एक जाडजूड फांदी पाडली आणि त्या फांदीतल्या ढोलीसकट पोपटाचं एक पिल्लू रस्त्यावर आलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला आणि लगेच सल्ले सुरू. दुधात भिजवलेला ब्रेड द्या, हरभऱ्याची डाळ वाटून भरवा, ग्लुकोजचं पाणी पाजा, मध चाटवा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर मिरचीचा तुकडा द्या म्हणजे लवकर बोलेल असंही लिहून टाकलं. चाळीसेक मेसेज झाले असतील, पण पिल्लू गार पडलंय का ते कुणीच विचारलं नाही. ते चांगलंच गार पडलं होतं. हाताला फ्रिजमधून काढलेल्या बटाट्यासारखं लागत होतं.

आता त्या पिल्लाचं आधी सांगून टाकतो. आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला पोपट हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला पाळणं, विकणं, विकत घेणं सगळं बेकायदा आहे, भले आपल्या आजोळी ओसरीवर पिंजरा टांगलेला असायचा आणि मिठू मिठू करायचा. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन केला आणि पिल्लू बावधनच्या उपचार केंद्रात गेलं. जाईपर्यंतचा दीड तास आम्ही त्याला काहीही भरवलं नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली, शेजारी पिल्लू, वरून सुती पंचा. ग्रुपवर लोक चिडले, उपाशी मारताय का म्हणून.

पण गार पिल्लाला आधी ऊब, मग घास, याचा खरा धडा महिन्याभराने मिळाला, कारण ते पिल्लू बघून माझ्या भाचीने पोपटच पाहिजे असा धोशा लावला आणि तिच्या बाबांनी शेवटी कॉकटील आणला. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियातला, काकाकुव्याच्या कुळातला सगळ्यात छोटा भिडू, त्याला पाळायला बंदी नाही. दुकानदाराने मात्र जेमतेम तीन आठवड्यांचं पिल्लू हातात दिलं, अंगावर अजून पिसांच्या नुसत्या सुया, आणि सांगितलं की हाताने भरवलं की जास्त माणसाळतं. सोबत पिल्लाच्या खाण्याच्या पावडरचा डबा आणि एक सिरिंज. किती गरम, किती वेळाने, किती मिली, काही नाही. सेल्फ-असेंब्ली टेबलसोबतसुद्धा चार पानांचा कागद येतो हो.

तर या गरमपणामागे शाळेतलंच विज्ञान आहे आणि मला ते जाम आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

पक्ष्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्याला इतका ताप आला तर घरचे हॉस्पिटल गाठतील, पोपटासाठी तो रोजचाच मामला आहे. पण हे मोठ्या पक्ष्याचं झालं. पोपटाचं पिल्लू अंड्यातून येतं ते आंधळं आणि उघडंबोडकं, आणि त्या दिवसांत त्याला स्वतःची उष्णता स्वतः टिकवताच येत नाही, म्हणजे व्यवहारात ते जवळपास सरड्यासारखंच, भोवतालची हवा जितकी तितकं ते. पिसं येतील तसतसं जमायला लागतं.

त्यात आकाराचा मार. भाचीचं पिल्लू साठ ग्रॅमचं, तिचे बाबा धरा साठ किलोचे, म्हणजे वजनात हजारपट फरक. वजन आकारमानाबरोबर वाढतं, म्हणजे लांबीच्या घनाने, आणि कातडीचं क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने. हजाराचं घनमूळ दहा. म्हणजे लांबी-रुंदी दहापट, कातडी शंभरपट, वजन हजारपट, म्हणून दर ग्रॅममागे पिल्लाची कातडी बाबांच्या दहापट उघडी पडते आणि उष्णता जाते ती कातडीतूनच. (दोघांचा आकार सारखाच आहे असं धरलंय, बाबांनी रागावू नये.) गणित नको असेल तर अमृततुल्यात जाऊन बघा, कटिंग बोलता बोलता गार होतो आणि पातेल्यातला चहा वाफाळतच असतो.

आता घास. पिल्लाच्या मानेखाली, छातीच्या वर एक पिशवी असते, तिला क्रॉप म्हणतात. अन्ननलिकेचाच तो फुगलेला भाग. गिळलेलं सगळं आधी इथे साठतं, भिजतं, आणि मग थोडं थोडं पुढे जठरात सरकतं, तिथे आम्ल, आणि त्यानंतर गिझार्ड, म्हणजे चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतं ते, तिथे दळण. बोडक्या पिल्लाचं क्रॉप इतकं पातळ असतं की भरवल्यावर आतलं पिवळसर अन्न कातडीतून दिसतं. भाचीला पहिल्या दिवशी ते बघून ईईई झालं होतं, नंतर तीच मला दाखवायची, मामा बघ टाकी फुल्ल.

ही टाकी आपोआप रिकामी होत नाही. तिच्या भिंतीतले स्नायू आकुंचन पावतात तेव्हा अन्न पुढे ढकललं जातं, आणि स्नायू काय, पाचक रस काय, सगळी शेवटी रसायनशास्त्राचीच कामं, तापमान १० अंशांनी उतरलं की अशा क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणजे ३१ अंशांवर आलेल्या पिल्लाचं पोट चालू असतं पण बैलगाडीच्या वेगाने.

त्यात आपण गार खायला दिलं तर? एका वेळचं भरवणं साधारण वजनाच्या दहा टक्के असतं, साठ ग्रॅमला सहा मिली. दहावीतलं उष्णता विनिमयाचं तत्त्व आठवा, गरम वस्तूने गमावलेली उष्णता बरोबर थंड वस्तूने कमावलेली उष्णता. पिल्लू ४१ अंशांवर, खाणं खोलीच्या तापमानाचं म्हणजे २५. साठ गुणिले एक्केचाळीस अधिक सहा गुणिले पंचवीस, भागिले सहासष्ट. उत्तर साडेएकोणचाळीस. (दोघांची विशिष्ट उष्माधारकता पाण्याइतकीच धरली, बोर्डाचा पेपर नाहीये हा.) एका घासात अख्ख्या शरीराचं तापमान दीड अंशाने खाली, आणि क्रॉपच्या जागी तर त्याहून कितीतरी जास्त, कारण तो गार गोळा तिथेच बसलाय. साठ किलोच्या माणसाने एका दमात सहा लिटर पाणी पोटात घेतल्यासारखं आहे हे. पिल्लाकडे ही घट भरून काढायला ना पुरेशी पिसं, ना चरबी. क्रॉप मंदावतं, अन्न तिथेच थांबतं.

थांबलं की पुढची गोष्ट प्रत्येक घरातल्या बाईमाणसाला माहितीये. डिसेंबरात इडलीचं पीठ फुगता फुगत नाही आणि मेमध्ये रात्रीतून पातेल्याबाहेर येतं. ओलसर, पिठूळ, कोमट आणि न हलणारं, यीस्ट आणि जिवाणूंना यापेक्षा काय पाहिजे? कँडिडा नावाचं यीस्ट तर पिल्लांच्या क्रॉपमध्ये हटकून माजतं. मग पिशवी फुगलेलीच राहते, तोंडाला आंबूस वास येतो, पिल्लू मान टाकतं. आणि घरच्यांना वाटतं खात नाहीये, अशक्त झालंय, अजून थोडं भरवूया. आंबलेल्या पिठावर ताजं पीठ. म्हणून नियम असा की क्रॉप दिवसातून एकदा तरी, सहसा पहाटे, पूर्ण रिकामं झालेलं दिसलं पाहिजे, आणि २४ तासांत झालं नाही तर थेट पक्ष्यांचा डॉक्टर, घरगुती ओवा-हिंग नाही.

पोपटांच्या घरात हा प्रश्नच येत नाही. आई-बाप आपल्या क्रॉपमधलं भिजलेलं अन्न वर काढून पिल्लाच्या चोचीत सोडतात, आणि ते ४१ अंशांच्या शरीरातून येत असल्याने आपसूक बरोब्बर गरम असतं. थर्मामीटर नको, काही नको. आपल्याला मात्र स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घ्यावाच लागतो, ३९ ते ४१ अंश. मनगटावर थेंब टाकून बघायची आज्यांची पद्धत इथे चालत नाही, कारण आपली कातडी ४१ आणि ४५ मधला फरक सांगायला कच्ची आहे आणि वरच्या बाजूला जागा जेमतेम दोन-चार अंशांचीच आहे. त्यापुढे क्रॉप भाजतं. मायक्रोवेव्ह तर नकोच, त्यात मिश्रण एका कोपऱ्यात उकळतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोमट राहतं. भाजलेलं लगेच कळतही नाही, चार-सहा दिवसांनी मानेखालची कातडी मरून भोक पडतं आणि भरवलेलं बाहेर गळायला लागतं. वाचायला घाण वाटतंय, पण नवशिक्यांच्या हातून हे खरंच होतं. गरम पाण्याच्या वाटीत मिश्रणाची वाटी ठेवायची, ढवळायचं, मोजायचं, मगच सिरिंज.

सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने आत आणि रोख उजवीकडे, कारण त्याची अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने जाते. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडं असतं. पिल्लू मान वरखाली पंप करत मागत असेल तेव्हा ते मिटतं आणि तेव्हाच भरवायचं. मागत नसलेल्या पिल्लाच्या चोचीत ढकललं तर ते फुप्फुसात जातं. आणि गार पडलेलं पिल्लू मागतच नाही. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच आलो.

दुधाचं काय? दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ते फोडायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं, आणि पक्ष्यांच्या पिल्लांना लाखो वर्षांत कुणी दूध पाजलेलंच नाही म्हटल्यावर ते विकर त्यांच्याकडे कुठून असणार. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, जुलाब, आणि साठ ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे खेळ संपला. कुणीतरी हमखास म्हणतं की पारवे दूध पाजतात की. त्याला नुसतं नाव दूध आहे, पारव्यांच्या क्रॉपच्या अस्तराच्या पेशी सुटून तयार झालेला तो प्रोटीन आणि चरबीचा लगदा, लॅक्टोज त्यात नाहीच. आणि पोपट तेही बनवत नाहीत.

मिरचीचंही सांगून टाकतो, काका वाचत असतील. तिखट लागणं ही चव नाहीच, ती भाजल्याची जाणीव आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला, म्हणजे नसांवरच्या जाणीव टिपणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, जो एरवी खऱ्या चटक्याला जागा होतो. याच ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. पक्ष्यांचा हा ग्राही जरा वेगळ्या घडणीचा, त्यावर कॅप्सेसिन बसत नाही, त्यामुळे पोपट मिरची खातो ती आपण काकडी खावी तशी. जीभ सुटण्याशी तिचा काडीचा संबंध नाही, पोपट आवाज काढतो ते छातीतल्या स्वरयंत्रातून आणि शब्द शिकतो मेंदूने. शिवाय मिरची पोर्तुगीजांबरोबर भारतात आली, म्हणजे पाचेकशे वर्षांपूर्वी, त्याआधी आपले पोपट काय मुके होते? फुटपाथवर पाकीट उचलून भविष्य सांगणाऱ्या पोपटाला स्वतःचे पंख कापले जाणार हे कळलं नव्हतं, एवढं बोलून तो विषय सोडतो.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते हाही असाच एक गैरसमज. पडलेलं पिल्लू धडधाकट आणि ऊबदार असेल आणि ढोली शाबूत असेल तर परत ठेवा, आई-बाप येतात.

भाचीकडे मोठा घोळ झाला तो उबेचा. दुकानदार म्हणाला होता, बल्ब लावा. आता घरात बल्ब म्हणजे एलईडी. तो लावला, खोकं छान उजळलं आणि पिल्लू आत कुडकुडत बसलं, कारण एलईडीची उष्णता जुन्या पिवळ्या बल्बच्या मानाने काहीच नाही. दुसऱ्या दिवशी क्रॉप दुपारपर्यंत तसंच टम्म, भाचीचा फोन, रडारड. डॉक्टरांनी क्रॉप धुऊन काढलं, औषध दिलं, खोक्यात हीटिंग पॅड आणि थर्मामीटर ठेवायला लावला, अर्ध्याच भागाखाली पॅड, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू बाजूला सरकेल. सुया-पिसांच्या वयात खोक्यात तीसेक अंश पुरतात. अंग चोरून गोळा होऊन बसलंय तर थंडी, पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी तर उकाडा. पुण्यात तर एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८ आणि पहाटे विसाच्या आसपास, त्यामुळे दुपारी बंद करायचं आणि रात्री लावायचं ही ड्युटी आलीच.

पुढचं तसं सोपं. दर चार-पाच तासांनी भरवणं, मग अंतर वाढवत जाणं, पाचव्या आठवड्यात पंख फडफडायला लागले की बशीत मोड आलेले मूग, मटकी, शिजवलेला मका, किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला ठेवून द्यायचा, आधी नुसतं उधळतात, उधळू दे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलं तर अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतं. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी कधीच नाही आणि स्वतःच्या तोंडातला घास तर नाहीच नाही, आपल्या लाळेतले जिवाणू त्यांना झेपत नाहीत. सिरिंज साधारण आठ-दहा आठवड्यांत सुटते, ती तारीख पिल्लू ठरवतं, आपण नाही.

आणि किचनमधला ग्रॅमचा काटा. रोज सकाळी, पहिल्या घासाआधी वजन, वहीत. बाकी सगळं डोळ्याला फसवतं, पिसं फुगवली की आजारी पिल्लूसुद्धा गुबगुबीत दिसतं. भाचीच्या वहीत पहिल्या पानावर ६२ आहे, क्रॉप धुतलं त्या दिवशी ५७, आणि त्याखाली तिने रडका चेहरा काढलाय. सिरिंज सुटली त्या आठवड्यात आकडा परत थोडा घसरला, तेव्हा घाबरून फोन आला, पण तसा तो घसरतोच, उडायच्या तयारीत अंग हलकं करतात. हल्ली सकाळी साडेसातला मला मेसेज येतो, गुड मॉर्निंगचं फूल वगैरे काही नाही, नुसता आकडा. आज ८८ आला.