दरकरारापासून ‘जेम’पर्यंत : सरकारी खरेदी आणि ‘उपलब्ध’ या शब्दाचा घोळ

नागपूरच्या सरकारी कार्यालयात आज चार खुर्च्या घ्यायच्या म्हटल्या तरी भांडार शाखेतला लिपिक आधी संगणक उघडतो. लॉगिन, साहेबांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी, साहेब दौऱ्यावर असले तर फोन लावून विचारलेला ओटीपी, आणि मग ‘जेम’वर, म्हणजे केंद्राच्या सरकारी ई-बाजारपेठेवर, शोध. शोधून जे दिसले त्याची छापील प्रत नस्तीत, म्हणजे फाइलीत, लागते. जे दिसले नाही त्याचीही लागते. ‘सदर वस्तू उपलब्ध नाही’ असे सांगणारा हा दुसरा कागद गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक वादांच्या मुळाशी आहे.

जुना काळ थोडक्यात आटोपतो. 1956 पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, सचिवालय इथेच होते, आणि कार्यालयाला लागणाऱ्या सामानाची मंजुरी सिव्हिल लाइन्सच्या बाहेर जात नसे. 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेल्यावर आणि पुढे 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाल्यावर मंजुरीचे टेबल मुंबईला गेले. नागपूर कराराने आलेले डिसेंबरातले अधिवेशन इथे राहिले. नस्ती मात्र मुंबईला जायची, अनेकदा एखाद्या कर्मचाऱ्याच्या पिशवीतून, विदर्भ एक्स्प्रेसने.

या व्यवस्थेचा गाभा होता दरकरार. मुंबईतली एक मध्यवर्ती खरेदी यंत्रणा निविदा काढायची, वस्तूचा दर आणि पुरवठादार ठरवायची, त्याचे परिपत्रक जिल्ह्यांना यायचे. कार्यालयाने त्या पुरवठादाराच्या नावाने पुरवठा आदेश काढायचा, की झाले. वेगळी निविदा नाही, दराची जबाबदारी नाही. 2 जानेवारी 1992 च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका दोन दशकांहून अधिक काळ हेच सांगत होती. जे दरकरारावर नाही आणि रक्कम लहान आहे, त्यासाठी तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करायचा. ही तीन दरपत्रके कशी येत, हे इतवारी किंवा सीताबर्डीच्या बाजारात थोडाफार वावरलेल्या कुणालाही सांगायला नको. गादी एक, लेटरहेड तीन, आणि तिन्हींवर एकाच टंकलेखन यंत्राचा तुटका ‘र’.

दरकराराचे एक सुख होते, दर चुकला तर तो मुंबईचा. दुःख असे की करार संपायचा, मुदतवाढीचे पत्र यायला महिने जायचे, आणि तोवर तीच वस्तू गांधीबागेच्या बाजारात निम्म्या किमतीला मिळते हे शिपायालाही ठाऊक असायचे. तरी लेखापरीक्षणाच्या भीतीने कुणी ती तिथून घेत नसे. महालेखाकारांचे लेखापरीक्षण कार्यालय सिव्हिल लाइन्समध्येच आहे, त्यामुळे आक्षेप घ्यायला कुणाला लांबून यावे लागत नाही.

खरे नाट्य 2014 ते 2017 या तीन वर्षांतले. 26 नोव्हेंबर 2014 च्या शासन निर्णयाने ई-निविदेची मर्यादा 3 लाखांवर आली. त्यावरची कोणतीही खरेदी संकेतस्थळावर निविदा टाकूनच करायची. पाठोपाठ 2015 मध्ये दरकराराचे प्रकरण गाजले. एकाच दिवशी, 13 फेब्रुवारीला, 24 शासन निर्णय काढून राज्याच्या महिला व बालविकास विभागाने सुमारे 206 कोटींची खरेदी दरकराराच्या आधाराने केल्याचे आरोप झाले. संबंधितांनी ते फेटाळले, नंतरच्या चौकशीत दिलासाही मिळाला. पण ‘दरकरार’ या शब्दाला जो वास चिकटला तो गेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवी नियमपुस्तिका आली, ती वर्षभरात पुन्हा बदलली आणि 1 डिसेंबर 2016 ची सुधारित पुस्तिका लागू झाली. आजही खरेदीच्या टिपणीत ‘संदर्भ क्र. 1’ म्हणून बहुतेक ठिकाणी हीच तारीख असते.

ई-निविदेचे ते सुरुवातीचे दिवस आठवले की आधी डोळ्यांसमोर येते ते पेन ड्राइव्हसारखे दिसणारे डिजिटल सहीचे टोकन. ते साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे, आणि निविदा उघडायची वेळ दुपारी 3 ची. टोकन लावले की संगणक जावाची जुनी आवृत्ती मागे, ती टाकली की इंटरनेट एक्स्प्लोरर हटून बसे. मी काम करत होतो त्या कार्यालयात याच कामासाठी एक संगणक बाजूला ठेवला होता. त्याच्या पडद्यावर चिठ्ठी होती, ‘अपडेट करू नये’. साहेबांची बदली झाली की सही त्यांच्याबरोबर चंद्रपूरला, आणि निविदा इथे अर्धी उघडलेली.

हे चालू असतानाच केंद्राने 9 ऑगस्ट 2016 ला सरकारी ई-बाजारपेठ, म्हणजे ‘जेम’, सुरू केली. ई-निविदेत फक्त निविदेचा कागद संगणकावर गेला होता. जेमवर अख्खे दुकानच मांडले गेले. विक्रेता स्वतः वस्तू आणि किंमत टाकतो, खरेदीदार थेट घेतो, तुलना करून घेतो किंवा बोली मागवतो. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत 149 क्रमांकाच्या नियमाने ती सक्तीची झाली. 24 ऑगस्ट 2017 ला महाराष्ट्राने तिचा स्वीकार केला. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला केंद्राची दरकरार करणारी जुनी खरेदी यंत्रणा, जिची मुळे इंग्रजी अमदानीतली होती, बंद झाली. राज्यातले दरकरारही एकेक करून मुदत संपून गळत गेले.

आता त्या शब्दाकडे. नियम 149 म्हणतो की जेमवर जी वस्तू किंवा सेवा ‘उपलब्ध’ आहे, ती तिथूनच घेणे बंधनकारक. वाक्य साधे दिसते. दुकानात माल आहे की नाही, एवढेच पाहायचे. ज्याने हे वाक्य लिहिले त्याच्या मनात दुकानाची मांडणी होती. ज्याला ते अमलात आणायचे होते त्याच्यासमोर शोधाची एक चौकट होती.

पहिला अडथळा नावाचा. वस्तूचे नाव इंग्रजीत, तेही संकेतस्थळाच्या वर्गवारीत बसेल असे टाकावे लागते. सतरंजीला तिकडे ‘दरी’ म्हणतात हे ज्याला सुचले नाही, त्याच्यापुरती सतरंजी उपलब्ध नाही. मग त्याने काढलेला ‘उपलब्ध नाही’चा कागद खरा की खोटा? त्याने शोधले होते, सापडले नव्हते, छापून लावले. लेखापरीक्षकाने दोन वर्षांनी योग्य नावाने शोधले आणि त्याला सापडले.

दुसरा अडथळा पत्त्याचा. विक्रेता कुठे माल पोहोचवणार ते तो स्वतः ठरवतो, आणि किमान किती नग घ्यावे लागतील तेही. नागपूरला विभागाचे मुख्यालय. खरेदी इथे होते, माल उतरायचा असतो गडचिरोली किंवा गोंदियाच्या एखाद्या तालुक्यात. पडद्यावर वस्तू दिसते, प्रेषितीचा, म्हणजे माल उतरवून घेणाऱ्याचा, पिनकोड टाकला की विक्रेते गळतात. दोनच नग हवे असले की उरलेलेही गळतात. आता ती वस्तू ‘उपलब्ध’ आहे का? काही विभागांनी होय मानले, काहींनी नाही, आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या नस्तीत तितकाच ठाम युक्तिवाद केला.

तिसरा अडथळा दराचा, आणि तो सगळ्यात बोचरा. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की विक्रेत्याची विश्वासार्हता केंद्रीय यंत्रणा प्रमाणित करील, पण दर वाजवी असल्याचे खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रमाणित करायचे. म्हणजे वस्तू उपलब्ध आहे म्हणून घ्यावीच लागेल, आणि ती महाग पडली तर सही तुमची. दरकराराच्या काळात मुंबईकडे असलेली ही जबाबदारी अलगद खाली येऊन ज्याच्या नावाने लॉगिन आहे त्याच्या डोक्यावर बसली. मग ‘वाजवी’ ठरवायला लिपिक काय करतो? बाजारात जाऊन तीन दरपत्रके आणतो, त्याच जुन्या गादीवरून, आणि जेमच्या दराशेजारी लावतो. तीन लेटरहेड मेलेले नाहीत. पूर्वी त्यांच्यावर खरेदी व्हायची, आता ते साक्षीला येतात.

चौथी गाठ राखीव वस्तूंची. कापडी वस्तू हातमाग महामंडळाकडून, लाकडी टेबल-बाके कारागृहाच्या उद्योगातून, अशी राज्याची जुनी यादी होती. नागपूरला हे दोन्ही घरचे आहेत. हातमाग महामंडळाचे मुख्यालय इथे उमरेड रोडला, आणि वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातही कारखाना. सतरंजी राखीव यादीत आहे आणि जेमवरही आहे, तर आधी कोणाचा नियम? राज्याचे धोरण म्हणते महामंडळाकडे जा, सक्तीचा शब्द म्हणतो बाजारपेठेत जा. माझे मत विचाराल तर उमरेड रोडवरून सतरंजी मागवायला कुणालाही पानिपतपर्यंत शोध घ्यायची गरज नव्हती. पण मतावर पुरवठा आदेश निघत नाही.

या घोळावर उत्तर म्हणून दोन गोष्टी आल्या. एक, शोधाचा अहवाल संकेतस्थळानेच क्रमांकासह तयार करून द्यायचा, म्हणजे ‘मी शोधले’ यावर वाद नको. दुसरी, ‘कस्टम बिड’. वस्तू वर्गवारीत नसेल तर तिचे वर्णन स्वतः लिहून तिथेच बोली मागवा. पहिल्या उपायाने शब्दाला कागदाचा आधार दिला आणि दुसऱ्याने तोच आधार काढून घेतला. कारण कस्टम बिडने काहीही मागवता येत असेल, तर ‘उपलब्ध नाही’ असे जगात काही उरतच नाही. आता कार्यालये दोन्ही करतात. आधी उपलब्ध नसल्याचा अहवाल काढतात, मग तीच वस्तू त्याच संकेतस्थळावर मागवतात.

खरेदीच्या घाईचा नागपुरी नमुना डिसेंबरात पाहायला मिळतो. अधिवेशनाची तारीख पक्की झाली की रविभवन, नागभवन, आमदार निवास इथल्या गाद्या, चादरी, ब्लँकेट, गिझर यांच्या याद्या निघतात. पूर्वी ही खरेदी गांधीबागेत संध्याकाळी ठरायची आणि सकाळी हातगाडीने यायची. ऑनलाइन बोलीला किमान दिवस द्यावे लागतात, मग तांत्रिक छाननी, मग पुरवठ्याची मुदत. मागणीचे तुकडे पाडून लहान मर्यादेत बसवायला नियमाची मनाई आहे, तरी ‘तळमजला’ आणि ‘पहिला मजला’ अशी दोन मागणीपत्रे का निघतात ते आता कळले असेल. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे अधिवेशन मुंबईतच झाले, 2022 ला ते परतले तेव्हा दोन अधिवेशने हुकलेल्या खोल्यांची मागणी एकदम आली.

करोनाच्या काळाने आणखी एक गोष्ट उघडी केली. 4 मे 2020 च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नवीन खरेदी जवळपास थांबवली, आरोग्यासारख्या मोजक्या बाबी वगळून. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत मात्र खरेदी थांबून चालणार नव्हते. औषधांचा प्रवास तसाही वेगळा आहे. 2017 पासून ती मुंबईतल्या एका सरकारी कंपनीमार्फत एकत्रित घ्यायची ठरले, पुरवठ्याच्या तक्रारी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेल्या, आणि 2023 मध्ये त्यासाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणच उभे राहिले. म्हणजे कागद-पेनसाठी केंद्रीकरण मोडले आणि औषधांसाठी दोनदा नव्याने बांधले.

जेमची उलाढाल 2016-17 मध्ये 422 कोटी होती, 2023-24 मध्ये ती 4 लाख कोटींच्या पुढे गेली. यातला मोठा वाटा केंद्राच्या कंपन्या आणि खात्यांचा, राज्यांचा त्या मानाने लहान. माल मिळाल्यावर प्रेषितीने 10 दिवसांत स्वीकृती नोंदवली नाही तर ती आपोआप झाल्याचे धरले जाते. खोके बंद असले तरी. देयक मात्र राज्यात कोषागाराच्या रस्त्यानेच जाते, आणि निधी ‘बीम्स’ या राज्याच्या निधीवाटपाच्या प्रणालीवर आला नसेल तर विक्रेता मार्चची वाट पाहतो.

केंद्राने अलीकडे थेट खरेदीची मर्यादा 25 हजारांवरून 50 हजारांवर नेली, तुलना करून घेण्याची 5 लाखांवरून 10 लाखांवर. संकेतस्थळावर ती दिसायला लागली की लिपिक ती वापरायला तयार असतो. लेखा शाखा नस्ती परत पाठवते, शेरा असतो, ‘राज्याचा आदेश जोडावा’.