कौले धुताना जोराचा फवारा नको

कोकणात कौलारू छपरे धुऊन देणारे आणि घरमालक दोघेही ठामपणे सांगतात की, पाण्याचा दाब जितका जास्त तितके कौल लालभडक निघते. ही समजूत चुकीची आहे. कौलावरचा काळा थर बहुतांशी धूळ नसून शेवाळ आणि बुरशी यांची वाढ असते. ती मातीच्या सूक्ष्म छिद्रांत रुजलेली असल्यामुळे जोराचा फवारा वरचे शेवाळ उडवतो खरा, पण भाजलेल्या मातीचा पृष्ठभागही खरवडतो, आणि अशा खडबडीत कौलावर पुढच्या पावसाळ्यात शेवाळ अधिकच जोमाने धरते. शिवाय वळचणीकडून (छपराच्या खालच्या कडेकडून) आढ्याकडे (वरच्या टोकाकडे) मारलेले पाणी जोडांतून थेट आतल्या लाकडी वाशांवर आणि रिपांवर उतरते.

त्याऐवजी शेवाळाचे गठ्ठे कोरडे असताना मऊ ब्रशने काढावेत, सोडियम हायपोक्लोराइटचे (घरगुती ब्लीचमधल्या रसायनाचे) सौम्य द्रावण कमी दाबाने फवारावे आणि काही वेळाने साध्या पाण्याने धुवावे. अंगणातली झाडे आधी भिजवून ठेवावीत. या द्रावणात संडास धुण्याचे ॲसिड मात्र चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

छप्पर धुण्याच्या दरातही घोळ होतो. घराच्या जमिनीच्या मापावर पैसे सांगणारा कारागीर स्वतःचेच नुकसान करून घेतो: 30 अंशांच्या उताराचे छप्पर 1,000 चौरस फुटांवर पसरले असेल, तर प्रत्यक्षात सुमारे 1,155 चौरस फूट धुवावे लागते. फुटणाऱ्या कौलांचा खर्च कोणाचा, हे शिडी लावण्यापूर्वीच लिहून घ्यावे.